कळवणच्या टाकीची सरासरी

शेखर आहेरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या बोटांना लाल शाई लागलेली होती आणि त्याच बोटांनी तो डेअरीच्या कँटीनमध्ये कांदाभजी खात होता. मी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. बीएस्सीचा तोरा अंगात होता आणि स्वच्छतेचं खूळ आईकडून आलेलं. ओळखदेख नसताना मी त्याला विचारलं, दुधाच्या धंद्यात हात धुवायची पद्धत आहे की नाही? त्याने आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाला की मॅडम, हे धुतलेलेच आहेत. सगळं कँटीन हसलं. तो मात्र हसला नाही, उलट भज्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली. या माणसावर रागावून काही उपयोग नाही हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, पण मी पुढची कित्येक वर्षं रागावतच राहिले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमची डेअरी अंबडच्या एमआयडीसीत. तेव्हा कॉम्प्युटर फक्त अकाउंट्समध्ये होता आणि त्याच्यावर बहुतेक वेळ कापडी झाकणच असायचं. दूध तापवायच्या आणि गार करायच्या मशीनवर भिंतीवरच्या घड्याळाएवढे गोल डबे बसवलेले होते. त्यात रोज एक नवा गोल कागद घालायचा, बारीक पेनात लाल शाई भरायची, आणि दिवसभरात कागद एक फेरा घेताना तापमानाची रेघ त्याच्यावर उमटत जायची. कागद बदलणं आणि शाई भरणं हे शेखरचं काम. चांदवडकडचा हा मुलगा, घरी कांद्याची शेती, सातपूरच्या आयटीआयमधून शिकून इथे चिकटलेला. बोलणं इतकं सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार व्हायचा.

उतरवलेला कागद तो लगेच फाइलला लावायचा नाही. खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा आणि रेघ वाचायचा. इथे लाइट गेली, इथे वाफ कमी पडली, इथे ऑपरेटर तंबाखू मळत बसला. मला वाटायचं हा उगाच भाव खातोय. एकदा मुद्दाम खोदून चौकशी केली तर ऑपरेटर खरंच तंबाखू मळत बसला होता.

नवं शतक आमच्या डेअरीत यायला जरा उशीरच झाला. आलं ते मात्र थाटात आलं. गोल डबे निघाले, त्यांच्या जागी सेन्सर बसले. कळवण, चांदवड, हरसूल आणि आणखी दोन ठिकाणी आमची चिलिंग सेंटर होती, म्हणजे गावोगावचं दूध गोळा करून गार करून ठेवायच्या जागा. तिथल्या टाक्यांनाही सेन्सर लागले, शेजारी एकेक कॉम्प्युटर आणि बॅटरी बसली, आणि फोनच्या लाइनवरून किरकिर आवाज करत सगळे आकडे अंबडला यायला लागले. शेखरच्या बोटांची शाई हळूहळू फिकी झाली. लाल शाईची उरलेली बाटली त्याने घरी नेली. कशाला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

या नव्या कारभारात शेखरचं काम काय, तर एक्स्प्रेशन लिहिणं. ते त्याने मला एकदा समजावलं होतं आणि मला लगेच समजलं, यात श्रेय त्याचं. सेन्सर दर मिनिटाला एक तापमान सांगतो. कॉम्प्युटर ते साठवून ठेवतो, वर्षानुवर्षं. पण तो ढीग नुसता पडून असतो. त्यातून आपल्याला जे हवं ते विचारावं लागतं, आणि ते सूत्रात विचारावं लागतं. त्या सूत्राला म्हणायचं एक्स्प्रेशन. शेखरची पद्धत अशी की टाइप करण्याआधी तो ते सूत्र मराठीत मोठ्याने म्हणायचा, दुकानात पाठवलेल्या पोराला बजावून सांगावं तसं.

“कळवणच्या टाकीचं तापमान घे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचं. सगळ्याची बेरीज कर, आणि जेवढ्या नोंदी तेवढ्याने भाग.”

मग तेच इंग्रजी अक्षरांत आणि कंसांत उतरायचं. तो म्हणायचा की ही मशीन फार आज्ञाधारक आहे, सांगितलं तेवढंच करते, न सांगितलेलं काही म्हणजे काही करत नाही. मी म्हणायचे, अशी माणसं मिळाली असती तर लॅबमध्ये मी सुखी झाले असते.

अशी त्याने प्रत्येक सेंटरची सरासरी काढून दिली. आमचे प्लांट मॅनेजर खैरनार साहेब, त्यांच्या टेबलावर रोज सकाळी चहाबरोबर एक कागद जायचा. प्रत्येक सेंटरपुढे एकच आकडा. साहेबांना तो कागद फार आवडला. पूर्वीचे गोल कागद बघायचे तर मान वाकडी करावी लागायची. आता एका नजरेत कळत होतं, कुठलं दूध थंड आणि कुठलं नाही.

आणि त्या कागदावर सगळ्यात वाईट आकडा रोज कळवणचा असायचा.

मला ते काही केल्या पटेना. दुधात जंतू किती हे बघायची आमची एक जुनी चाचणी होती. दुधात निळा रंग टाकायचा आणि नळी कोमट पाण्यात उभी करून ठेवायची. दूध चांगलं असेल तर निळा रंग तासन्‌तास टिकतो, जंतू असतील तर भराभर उडून दूध पांढरं होतं. कळवणच्या दुधाची नळी माझ्या स्टँडमध्ये शेवटपर्यंत निळ्या राहणाऱ्या दोनांतली असायची. मी खैरनार साहेबांना हे दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले की मॅडम, तुमची चाचणी तुमच्या डोळ्यांवर चालते, ही मशीनवर चालते. मी बाहेर येऊन दार आपटलं. ते दार आपोआप बंद होणारं होतं, त्यामुळे आपटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

कळवणला आमच्याकडे ठमाबाई गांगुर्डे होती. नवरा तिथेच वॉचमन होता, तो गेल्यावर सेंटरवर झाडलोट आणि टाकी धुण्याचं काम तिला मिळालं. पन्नाशीच्या आतबाहेरची, बारकी, काटक. थोरलीचं लग्न झालेलं, धाकटी नर्सिंगला, आणि तिच्या शिक्षणाला आधार एवढ्या एका पगाराचा. रोज सकाळी टँकर दूध भरून गेला की ठमाबाई बंब पेटवायची आणि रिकामी टाकी उकळत्या पाण्याने, सोडा घालून धुवायची. पाणी बराच वेळ आत ठेवायची, मग सोडून द्यायची. टाकी धुण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही जे सुचायला हवं होतं ते कुणालाच सुचलं नाही, आणि त्यात मीही आले.

शेखरवर तिचा फार जीव होता. सेन्सर बसवायला तो गेला तेव्हा तिने विचारलं होतं की टाकीला ताप आलाय का, ही काडी कशाला घालता. त्याने तिला नीट समजावलं. टाकीजवळ लाल अंकांची छोटी पट्टी बसवली होती, तीही दाखवली. ठमाबाईला वाचता येत नव्हतं, पण एसटीच्या पाट्यांमुळे अंक ओळखता यायचे. मग तिने त्याला नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊ घातली. पुढे तो कधीही कळवणला गेला तरी जेवल्याशिवाय परत येत नसे. तो तिला मावशी म्हणायचा आणि ती त्याला भाऊ.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर वरून हुकूम आला की एक सेंटर कमी करा. कुठलं, हे ठरवायला साहेबांकडे तो कागद होताच. डिसेंबरअखेर कळवणचा आकडा खाली आला नाही तर सेंटर बंद, दूध दुसऱ्या मार्गाने फिरवू. खैरनार साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण आकड्यापुढे आपलं काय चालणार असा त्यांचा चेहरा होता.

ठमाबाईचं काम जाणार म्हटल्यावर शेखरचं जेवणावरून लक्ष उडालं. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. शेवटी तो कळवणला गेला. सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात घालून तपासला, बरोबर निघाला. वायर तपासली, कूलर तपासला, सगळं ठीक. परत आल्यावर सूत्राची बेरीज हाताने करून पाहिली, तीही बरोबर. सगळंच बरोबर निघाल्यामुळे तो जास्त खचला. तो मला म्हणाला की बिघाड सापडला असता तर दुरुस्त केला असता, आता काय दुरुस्त करू? निघताना ठमाबाईला त्याने खरं ते सांगून टाकलं होतं. मावशी, हा आकडा खाली आला पाहिजे, नाहीतर सेंटर राहत नाही.

आणि थोड्याच दिवसांत कळवणचा आकडा खाली आला. आला म्हणजे चांगलाच आला. रोज शेवटचा असलेला कळवण कागदावर मधोमध येऊन बसला. खैरनार साहेबांनी मुद्दाम शेखरला बोलावून चहा पाजला. शेखरने त्या दिवशी डबा पुरा खाल्लाच, वर माझ्या डब्यातली पोळीही घेतली. मी इतकी खूश होते की पोळीबद्दल काही बोलले नाही.

माझी खुशी फार टिकली नाही. त्याच आठवड्यात कळवणची नळी दुपारीच पांढरी पडली. मला वाटलं माझी काहीतरी चूक. दुसऱ्या दिवशी नव्या नळीत, नवा रंग घेऊन केली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चांदवड, हरसूल सगळे निळे आणि कळवण एकटं पांढरं. आकडा वाईट होता तेव्हा दूध सोन्यासारखं होतं, आणि आकडा सुधारला तसं दूध बिघडत चाललं होतं. मी नळीचा स्टँड तसाच उचलला आणि शेखरच्या खोलीत जाऊन त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. त्याला म्हटलं, मला तुझी सरासरी नको. मला रेघ दाखव, पूर्वी खिडकीत धरायचास तशी.

त्याने कळवणचा मागच्या महिन्यांचा आलेख काढला. रेघ तळाशी सपाट चाललेली होती, थंडगार, जशी हवी तशी. आणि रोज सकाळी, टँकर गेल्यानंतर, एक उंच डोंगर. थेट सत्तरच्या वर गेलेला आणि बराच वेळ तिथेच टेकलेला. रोज एक.

“सत्तर अंशाचं दूध कुठली म्हैस देते रे?” मी म्हटलं.

शेखरने दोन्ही हात डोक्याला लावले. म्हशीच्या अंगातून दूध निघतं तेच सदतीस-अडतीस अंशांचं. त्याच्यावरचं जे काही होतं ते दूध नव्हतंच, ते ठमाबाईचं गरम पाणी होतं. सूत्राला सांगितलं होतं काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचं सगळं घे, आणि त्या आज्ञाधारक मशीनने टाकीत दूध आहे की धुण्याचं पाणी हे न बघता सगळं घेतलं होतं. ज्या सेंटरवर टाकी थोड्याशा गरम पाण्याने घाईघाईत उरकत होते त्यांचा आकडा चांगला येत होता. जी बाई मन लावून, उकळत्या पाण्याने धूत होती तिचा आकडा त्या धुण्यानेच वाढत होता. जुना गोल कागद असता तर साहेबांनाही मान वाकडी करून हा डोंगर दिसला असता. आम्ही त्या सगळ्या रेघेचा एक आकडा केला आणि डोंगर त्यात विरघळून गेला.

मग त्याने या महिन्याचा आलेख काढला. तो होता सपाट. एकही डोंगर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या जीपने आम्ही दोघं कळवणला गेलो. वणीच्या पुढे थंडी अशी होती की काच खाली करवत नव्हती. वाटेत शेखर एकच वाक्य बोलला, की मावशीला बरं नसेल, दुसरं कुणी धूत असेल. त्याला तसंच वाटून घ्यायचं होतं.

ठमाबाई बरी होती. टँकर नुकताच गेला होता. बंब गार पडलेला, त्याच्यात कोळिष्टक धरलेलं. ती टाकीचं झाकण उघडून, हौदातलं पाणी ओतून, लांब दांड्याच्या ब्रशने घासत होती. तळाच्या कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही म्हणून अर्धी आत वाकून, हाताने काथ्या धरून घासत होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला. पदराला हात पुसत तिने शेखरला लाल अंकांची पट्टी दाखवली.

“बघा भाऊ, आता कधीच वर जात नाय. गरम पानी ओतलं का आकडा उडी मारायचा. तुमी सांगून गेले आन् मग माझ्या ध्यानात आलं. म्या गरम पानीच बंद केलं. थंड्यानं दोनदा घासते, पार दुपार व्हते, पन आकडा खाली हाय.”

मी तिचे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत सोडा बसून कडा पांढऱ्या झाल्या होत्या. डिसेंबरातलं कळवणचं हौदातलं पाणी, त्यात सोडा, आणि रोज दोनदा. तरीही ती टाकी हवी तशी निघत नव्हती, कारण दुधाची चिकट साय आणि त्यातले जंतू थंड पाण्याने जात नाहीत, कितीही जीव तोडून घासलं तरी. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. माझ्याकडे बघून ठमाबाई घाबरली. तिने विचारलं की आकडा पुन्हा वर गेला का.

शेखर टाकीच्या कठड्यावर बसला होता. त्याला बोलायला नेहमी वेळ लागतो, त्या दिवशी फारच लागला.

“मावशी, तुमचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “मी मशीनला चुकीचं विचारलं. तुमचं धुणं मी दुधात धरलं.”

ठमाबाईला हे कितपत समजलं कोण जाणे. शेखर उठला, सरपण आणलं, आणि बंब स्वतः पेटवला. त्याला ते नीट जमेना, सगळीकडे धूर झाला. शेवटी ठमाबाईनेच त्याला बाजूला सारून फुंकणी घेतली. पाणी उकळलं, टाकीत पडलं, आणि पट्टीवरचा आकडा सत्तरच्या पार गेला. ती पट्टीकडे बघायला तयार नव्हती. पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत उभी राहिली.

परत आल्यावर शेखरने नवं सूत्र लिहायला घेतलं. वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. कूलर चालू असेल तेव्हाचंच तापमान धर, असं सांगावं तर लोडशेडिंगमध्ये कूलर बंद आणि टाकीत दूध, असं रोजचंच होतं. त्याने कागदावर बरंच काही लिहिलं आणि खोडलं, आणि शेवटी मला बसवून मराठीत म्हणून दाखवलं. तापमान चाळीसच्या वर गेलं की समज टाकी धुताहेत. तेव्हापासून कूलर पुन्हा सुरू होईपर्यंतचं सगळं सोडून दे. उरलेल्याची सरासरी काढ. यात एक गंमत आपोआप आली होती. जो गरम पाण्याने धुणारच नाही, त्याच्या रिकाम्या टाकीचा सगळा कोमट वेळ सरासरीत धरला जाणार होता. आणि त्याने दुसरं एक सूत्र लिहिलं, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टाकीतलं पाणी सत्तरच्या वर किती वेळ राहिलं, ते मोज.

मग आम्ही खैरनार साहेबांकडे गेलो. ते ऐकून साहेब गोरेमोरे झाले. म्हणाले, म्हणजे इतके महिने मी रोज चुकीचा कागद वाचत होतो? शेखर म्हणाला की हो साहेब, मी लिहून दिलेला. साहेबांनी विचारलं की मग हे नवं बरोबर कशावरून? मी तोंड उघडणार होते, पण शेखरने मला खुणेने थांबवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आकडे खोटे नव्हते, आपला प्रश्न खोटा होता. मशीनमध्ये जुनं सगळं आहे तसंच आहे. त्याला नवा प्रश्न विचारू आणि उत्तर मॅडमच्या नळ्यांशी ताडून बघू. साहेबांसमोरच त्याने मागच्या महिन्यांची नवी सरासरी काढली. कळवण पहिलं नाही, पण दुसऱ्या नंबरावर आलं, आणि माझ्या निळ्या नळ्यांचा क्रमही तोच निघाला. साहेबांनी फोन उचलला आणि वर कळवलं की कळवणचा आकडा आमच्याकडून चुकला होता, सेंटर राहील. “आमच्याकडून” म्हणाले, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तेव्हापासून रोजच्या कागदावर प्रत्येक सेंटरपुढे दोन आकडे येऊ लागले, एक दुधाचा आणि एक धुण्याचा. धुण्याच्या आकड्यात कळवणच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही. इतकी वर्षं जे काम कुणी बघितलंही नव्हतं, ते आता रोज सकाळी साहेबांच्या चहाबरोबर त्यांच्यापुढे जात होतं. शेखरने मात्र आकड्यांवरच विसंबणं सोडलं. आल्या आल्या तो आधी सगळ्या टाक्यांच्या रेघा बघायचा. कळवणचा डोंगर उशिरा आला की सेंटरवर फोन लावून इनचार्ज भिकाला विचारायचा, मावशी बरी आहे ना? मी त्याला चिडवायचे की बायकोची एवढी चौकशी कधी केली नसशील. तो म्हणायचा की बायकोला सेन्सर कुठे आहे.

पुढे काही वर्षांनी ठमाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आली. धाकटी तोवर नर्स होऊन इथेच नोकरीला लागली होती, तिच्याकडे उतरली होती. डोळ्याची पट्टी निघाली तशी शेखर तिला हट्टाने डेअरीत घेऊन आला. काळा चष्मा लावलेली ठमाबाई मशीनच्या खोलीत चप्पल बाहेर काढून आली आणि मी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसली. शेखरने स्क्रीनवर कळवणची रेघ काढली.

तो तिला सांगत होता की ही खालची सपाट रेघ म्हणजे दूध आणि हा प्रत्येक डोंगर म्हणजे तुम्ही. एक डोंगर एक दिवस. ती चष्मा वर करून बघत राहिली. मग तिला मजा वाटू लागली. थोरलीचं बाळंतपण झालं ते दिवस दाखवा म्हणाली. शेखरने शोधून काढले. तिथे डोंगर होते पण बुटके, कारण तेव्हा भिका धूत होता. ठमाबाई तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली की भिकाने पाणी नीट तापवलंच नाही. मग नदीला पूर आला तो दिवस बघितला, टँकर अडकला होता म्हणून डोंगर थेट संध्याकाळी. असं ती विचारत गेली आणि शेखर रेघ मागे मागे नेत गेला. दिवसामागून दिवस, डोंगरामागून डोंगर.

आणि मग ते डिसेंबरचे दिवस आले. शेखरचा हात माउसवर होता, त्याला ते भराभर ओलांडून जायचं होतं हे मला कळलं. पण ठमाबाईला नवा डोळा आला होता. तिने त्याला थांबवलं. बोट स्क्रीनपाशी नेलं, पण काचेला लावलं नाही.

“हितं काय नाय,” ती म्हणाली. “हितं कोन व्हतं?”

तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिला उमगलं. ती हळूच म्हणाली की हे थंड पाण्याचे दिवस. मग बराच वेळ त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. सगळ्या वर्षांत जेव्हा तिने सर्वांत जास्त घासलं, हात फुटेपर्यंत घासलं, तेवढेच दिवस तिथे कोरे होते.

“मशीनला गरम पाणी कळतं मावशी,” शेखर म्हणाला. “घासणं कळत नाही. ते काढायचं सूत्र नाही माझ्याकडे.”

“मंग तुमी सांगा ना त्याला,” ठमाबाई म्हणाली. “तुमी तर व्हते तिथं. या ताई बी व्हत्या.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये आलेखावर एखाद्या जागी शेरा लिहून ठेवायची सोय आहे. सेन्सर बदलला, वायर तुटली, असलं काहीतरी लिहायला. शेखरने ती सपाट जागा निवडली, चौकट उघडली, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत मोठ्याने वाचत गेला. या दिवसांत टाकी ठमाबाई गांगुर्डे यांनी हाताने धुतली.

“रोज धुतली,” ठमाबाई म्हणाली.

त्याने रोज घातलं.

“आन् लिहा, पानी लय गार व्हतं.”

शेखरने तेही लिहिलं.